बाळाचे तोंड गोड करण्याआधी

मूल जन्माला आले की आपल्या घरांत दोन गोष्टी आधी होतात. त्याच्या कानात अजान दिली जाते आणि घरातला एखादा नेक, बुजुर्ग माणूस खजूर चावून अगदी मऊ करून त्याचा कण बाळाच्या तोंडात आत टाळूला लावतो. हीच तहनीक. हिजरतनंतर मुहाजिरांच्या घरी जन्मलेले पहिले मूल म्हणजे अब्दुल्लाह इब्न जुबैर. हजरत अबू बक्र यांची मुलगी अस्मा बाळंतीण झाल्यावर त्या बाळाला घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि त्यांनी आपल्या तोंडातल्या खजुराचा अंश त्याच्या टाळूला लावला, असे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. आपल्या बाळाच्या तोंडातला पहिला गोडवा हा असा आहे. तो कणभर असतो, एकदाच दिला जातो आणि आपल्या माणसाच्या हातून येतो.

दुसरा गोडवा सहाव्या महिन्यानंतर येतो आणि तो डब्यातून येतो. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात या डब्याला मोठा मान होता. डब्याचे दूध आणि डब्याचे पीठ खाणारे मूल म्हणजे सुखवस्तू घरचे मूल, अशी समजूत होती. डबा रिकामा झाला तरी फेकला जात नसे. फळीवर त्याला जागा मिळे आणि त्यात मसूर नाहीतर रवा भरून ठेवला जाई. डब्यात आधी काय होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

आता तो प्रश्न विचारला जातो आहे. साखरेचे व्यसन लागते का? लागत असेल तर तान्ह्या मुलांच्या तयार अन्नात ती घालण्यावर कायद्याने बंधन असावे का? वरवर पाहता हे डॉक्टरांचे आणि कायदेपंडितांचे प्रश्न आहेत. पण साखर बाळाच्या वाटीत आपोआप आलेली नाही. तिला तेथपर्यंत आणणारा एक लांबलचक इतिहास आहे आणि त्यातली काही पाने आपलीही आहेत. ती वाचल्याशिवाय उत्तर सापडणार नाही, असे आम्हाला वाटते.

शर्करा ते सुक्कर

साखरेचे मूळ आपल्याच भूमीत आहे. संस्कृत 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडा किंवा रेती. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची कला भारतात सिद्ध झाली आणि शब्द मालाबरोबर प्रवासाला निघाला. फारसीत तो 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' आणि स्पॅनिशमध्ये 'अझुकार'. 'खंड' या शब्दाचा 'कंद' झाला आणि पुढे इंग्रजीत 'कँडी'. खडीसाखरेला आपण 'मिस्री' म्हणतो, कारण मिस्र, म्हणजे इजिप्त, एके काळी उत्तम साखरेसाठी नावाजलेला होता. सरबत, शर्बत आणि इंग्रजीतला 'सिरप' हे सगळे एकाच अरबी घराण्यातले शब्द आहेत.

अरब राजवटींबरोबर ऊस इजिप्त, सिसिली, मोरोक्को आणि स्पेनपर्यंत पोहोचला. अकराव्या शतकाच्या मध्यास नासिर खुसरो हा फारसी प्रवासी कैरोला आला. फातिमी दरबारातील ईदच्या मेजवानीत त्याने साखरेचे घडवलेले संत्र्याचे झाड पाहिले आणि आपल्या सफरनाम्यात त्याची नोंद केली. साखर तेव्हा काय होती, हे त्यावरून कळते. ती बादशाही दस्तरखानाचे वैभव होती, आणि सामान्य माणसाच्या घरी ती पोहोचलीच तर हकिमाच्या पुडीतून पोहोचत असे.

याच काळातल्या इब्न सीना यांनी (मृत्यू १०३७) आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात बालसंगोपनाला स्वतंत्र जागा दिली आहे. त्यांचा कल निःसंशय आईच्या दुधाकडे आहे आणि स्तनपानाची स्वाभाविक मुदत ते दोन वर्षांची मानतात. सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीतही पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे. साखरेची कीर्ती जगभर नेणाऱ्या संस्कृतीने बाळासाठी मात्र दूधच सांगितले, याचा अभिमान बाळगण्यापेक्षा त्याची आठवण ठेवलेली बरी.

स्वस्त साखरेची किंमत

साखर वैभवातून रोजच्या घासात कशी आली? ती स्वस्त झाली म्हणून. आणि ती स्वस्त कशी झाली, हे इतिहासातले अत्यंत काळे प्रकरण आहे. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार पाठवण्यात आले आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाच्या नशिबी उसाचे मळे आले. या माणसांत मुसलमानही होते. ब्राझीलचा बाहिया हा उसासाठी प्रसिद्ध प्रांत. त्याच्या राजधानीत, साल्वादोर शहरात, जानेवारी १८३५मध्ये, रमजानच्या अखेरीस, आफ्रिकी मुसलमानांच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केले. ते चिरडले गेले. पकडलेल्यांजवळ अरबीत लिहिलेले कागद सापडले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या बंडाला जागा नाही.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मळेवाल्यांनी नवे मजूर शोधले. १८३४पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आपले मराठीपण जपून आहेत. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६मध्ये जागतिक वारसा ठरला.

इंग्लंडमध्ये या साऱ्याचा परिणाम काय झाला? मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात दिलेले आकडे बोलके आहेत. १७००च्या सुमारास तेथे माणशी वर्षाला साधारण चार पौंड साखर लागे. १८००मध्ये ती अठरा पौंड झाली आणि शतकअखेर नव्वदच्या घरात गेली. १८७४मध्ये सरकारने साखरेवरचा करच काढून टाकला. गिरणीतल्या मजुराला स्वयंपाकाला वेळ नव्हता. गोड चहा आणि मुरंबा लावलेला पाव यांवर त्याचे घर चालू लागले. साखर ही गरिबाची भूक मारण्याची स्वस्त युक्ती झाली. मोठ्यांच्या पोटात शिरलेली ही युक्ती पाळण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही.

डब्यातले दूध

१८५६मध्ये अमेरिकेत गेल बोर्डन यांना आटवलेल्या दुधाचे पेटंट मिळाले. दूध आटवून त्यात भरपूर साखर घातली की ते नासत नाही, कारण इतक्या साखरेत जंतूंची वाढ होत नाही. असे दूध महिनोन् महिने टिके. पण त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक साखर असे. म्हणजे साखर येथे बाळासाठी आलेली नव्हती. ती डब्यासाठी, गोदामासाठी आणि जहाजाच्या लांब प्रवासासाठी आली होती. १८६७च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील वेवे गावी हेन्री नेस्ले यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांपासून बालान्न तयार केले. त्या काळी दाईच्या किंवा आईच्या दुधाला मुकलेली मुले फार मोठ्या संख्येने मरत, हे ध्यानात घेतले तर त्यामागची गरज खरी होती, हे मान्य करावे लागते. पण गरजेपोटी निघालेली वस्तू पुढे गरज नसलेल्या घरांतही विकली जाऊ लागली.

याविरुद्ध पहिला कठोर आवाज उठला तो एका बाईचा. सिसिली विल्यम्स या इंग्रज डॉक्टर आफ्रिकेत आणि नंतर मलायात काम करत. गोड आटवलेले दूध मुलांना योग्य आहे असे सांगून आयांना विकले जाते आणि त्यावर वाढणारी मुले कुपोषणाने दगावतात, हे त्यांनी रोज पाहिले. १९३९मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर त्यांनी भाषण केले. त्याचे शीर्षकच 'दूध आणि खून' असे होते. अशा खोट्या प्रचाराने होणारे बालमृत्यू हे खूनच मानले पाहिजेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यानंतर पस्तीस वर्षे फारसे काही हलले नाही. १९७४मध्ये ब्रिटनमधील 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने गरीब देशांतील बाटलीच्या दुधाच्या प्रचारावर एक पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमध्ये तिचा अनुवाद छापणाऱ्यांवर नेस्ले कंपनीने अब्रूनुकसानीचा खटला भरला. १९७७मध्ये अमेरिकेत कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. अखेर मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या प्रचारासाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली आणि विरोधात एकच. ते एक मत अमेरिकेचे होते.

आपला कायदा आणि त्यातली फट

भारताने या बाबतीत अनेक देशांच्या पुढे पाऊल टाकले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९८३मध्ये आपली राष्ट्रीय संहिता आली. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारे 'बीपीएनआय' हे देशव्यापी जाळे १९९१मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाले. १९९२मध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३पासून तो अमलात आला. २००३च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांच्या तयार दुधाची आणि अन्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापायचे नाही, अशी त्याची कलमे आहेत. फळीवरच्या त्या जुन्या डब्यावरचे हसरे बाळ नाहीसे झाले, ते या कायद्यामुळे.

पण कायद्याने डब्याचे बाहेरचे रूप बदलले. आत काय असावे हे ठरवणारे नियम वेगळे आहेत आणि ते सैल राहिले. बालान्नाविषयीच्या २०२०च्या नियमांनुसार साखर घालू नये असे म्हटले आहे खरे, पण कर्बोदकांसाठी गरज असल्यास ती घालता येते, फक्त एकूण कर्बोदकांच्या वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आधी मनाई करायची आणि मग पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

त्या फटीतून काय आत आले, ते एप्रिल २०२४मध्ये उघड झाले. 'पब्लिक आय' ही स्विस संस्था आणि बालान्नाच्या प्रश्नावर काम करणारे 'इब्फान' हे जागतिक जाळे यांनी निरनिराळ्या देशांतले डबे तपासून घेतले. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या पंधराही प्रकारांत वरून घातलेली साखर होती. एका वेळच्या वाटीत सरासरी सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडी अधिक. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या मुलांसाठी त्याच कंपनीचे जे गव्हाचे पीठ मिळते, त्यात ती नव्हती. आपण भारतातील नियम पाळतो आणि गेल्या पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीचे उत्तर होते. नियम पाळल्याचे तिचे म्हणणे आम्ही खोटे ठरवत नाही. नियमच तसा आहे, हेच तर दुखणे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शुद्ध साखर नसलेले प्रकार भारतातही आणण्याची घोषणा कंपनीने केली. म्हणजे साखरेवाचून हे अन्न बनवता येत होते आणि विकताही येत होते. गोऱ्या बाळाला जे आधीपासून मिळत होते, ते आपल्या बाळाला मिळण्यासाठी आरडाओरड व्हावी लागली.

व्यसन आहे की नाही?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. साखरेला व्यसन म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांना काही तास उपाशी ठेवून मग साखरपाणी देण्याचे प्रयोग झाले. ते उंदीर साखरेवर तुटून पडू लागले आणि ती बंद केल्यावर अस्वस्थ झाले. दुसऱ्या बाजूने, २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सगळा पुरावा तपासून असे म्हटले की, माणसाच्या बाबतीत हे सिद्ध झालेले नाही आणि उंदरांतही ही लक्षणे उपासमारीमुळे दिसतात. मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीत, २०१३च्या आवृत्तीत, साखरेच्या व्यसनाची नोंद नाही. तेव्हा साखर म्हणजे अफूच, असे मिंबरवरून किंवा व्यासपीठावरून सांगणे बरोबर नाही.

पण येथेच आपली फसगत होते. व्यसन सिद्ध होईपर्यंत थांबायचे असेल, तर विकणाऱ्यांना हवे तितके दिवस मिळतात. शास्त्राला कसे लांबवता येते, त्याचा दाखलाही आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले आणि हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवणारा लेख १९६७मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला. पैशाचा हा व्यवहार जुन्या कागदपत्रांतून २०१६मध्ये उजेडात आला. मधल्या पन्नास वर्षांत किती मुले मोठी झाली असतील!

बाळाच्या बाबतीत व्यसनाचा प्रश्न मुळात गैरलागूही आहे. गोडाची ओढ घेऊनच बाळ जन्माला येते. आईच्या दुधात दर शंभर मिलिलिटरला सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते आणि ती साध्या साखरेपेक्षा पुष्कळ कमी गोड असते. नवजात बाळाला सुई टोचताना डॉक्टर साखरपाण्याचे थेंब जिभेवर टाकतात, कारण त्याने बाळाचे रडणे कमी होते. इतकी ही ओढ खोल आहे. अमेरिकेत १९८०च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसले की, ज्या बाळांना घरी साखरपाणी दिले जाई, त्यांची त्याविषयीची आवड दोन वर्षांच्या वयातही इतरांपेक्षा जास्त होती. मोठा माणूस मिठाईच्या दुकानात स्वतःच्या पायांनी जातो. बाळाची जीभ मात्र दुसरे कोणीतरी घडवत असते.

आणि याचा परिणाम आयुष्यभर राहतो, हे सांगणारा पुरावा पुन्हा इतिहासानेच दिला आहे. महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३मध्ये ते रेशन उठले आणि मोठ्यांचे साखर खाणे दिवसाला सुमारे चाळीस ग्रॅमवरून ऐंशीच्या आसपास गेले. रेशन उठण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्या साठ हजार लोकांची तुलना २०२४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचे प्रमाण सुमारे पस्तीस टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचे वीस टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला. हे काही कोणी ठरवून केलेले प्रयोग नव्हते. सरकारचा एक नियम होता आणि तो उठला, एवढेच. नियमाने काय साधते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आपल्या घरात

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. साखर व्यसन आहे की नाही, याचा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. दोन वर्षांखालील मुलांच्या तयार अन्नात वरून साखर घालण्याची मुभा मात्र काढून टाकावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२२मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या अन्नासाठी हेच सुचवले आहे. गरीब देशातल्या कुपोषित मुलाला साखरेने ताकद तरी मिळते, असा युक्तिवाद काही जण करतात. ताकद तेलातुपातून मिळते, डाळीतून, अंड्यातून आणि शेंगदाण्याच्या कुटातूनही मिळते, आणि त्याबरोबर हाडामांसाला लागणारे बरेच काही मिळते. साखरेतून फक्त उष्मांक मिळतात.

पण सगळा दोष कंपनीवर आणि सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्त्यांत वर्षाच्या मुलाला गोड चहात बिस्किट बुडवून देणारे हात आपलेच आहेत. कामावर जाणाऱ्या आईला रागे भरून हे थांबणार नाही. तिला वेळ, पाळणाघर आणि घरातल्या पुरुषाचा हात हवा आहे. साखर नको म्हणून गूळ घालणारेही पुष्कळ आहेत, पण बाळाच्या शरीराला दोन्ही सारखेच. मधाचे तर विशेष सांगितले पाहिजे. काही घरांत तहनीकसाठी खजुराऐवजी मध चाटवतात. मधात असणाऱ्या जंतुबीजांमुळे वर्षाखालील बाळाला एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाचे होईपर्यंत मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. मध मोठ्यांसाठी शिफा आहे, यावरच्या आपल्या श्रद्धेला त्याने काही बाधा येत नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात राहून विसरता येत नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून साखर हा आपल्या राज्याच्या राजकारणाचा आणि पोटापाण्याचा आधार आहे. उसाच्या शेतात, कारखान्यात आणि वाहतुकीत आपलीही माणसे आहेत. साखरेविरुद्ध बोलले की त्यांच्या भाकरीविरुद्ध बोलल्यासारखे वाटते. पण बाळाच्या वाटीतली अर्धा चमचा साखर काढून घेतल्याने कोणाचा कारखाना बंद पडणार नाही. ईदचा शीरखुर्मा गोडच राहील आणि राहावा.

डबा विकत घेताना मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. तेथे साखर कधी सुक्रोज होते, कधी ग्लुकोज सिरप, कधी मध, कधी फळांचा आटवलेला रस. वाचता येत नसेल त्या आईला शेजारच्या शिकलेल्या मुलीने वाचून दाखवावे. आणि ज्या घरी मऊ भात, खिमट, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे आणि अंड्याचा बलक होऊ शकतो, त्या घराने डबा नाही म्हणून कमीपणा मानू नये. आमच्या लहानपणी तो मानला जाई. तो चुकीचा होता.

तहनीकचा खजूर कणभरच असतो. बाळाच्या तोंडाला गोडाचा स्पर्श व्हावा, एवढेच त्याचे काम. त्यानंतर बाळ आईच्या कुशीत जाते आणि दोन वर्षांचा तिचा आणि त्याचा करार सुरू होतो. त्या दोन वर्षांत त्याच्या वाटीत काय पडावे, हे ठरवण्याचा हक्क आपण दुकानाच्या फळीला देऊन बसलो आहोत. तो परत मागायला हवा, सरकारकडेही आणि स्वतःकडेही.